कुर्ल्या आणि तुझं हिमोग्लोबिन

बाबू,

नीट पोचलास ना? मेसेजला नुसता अंगठा टाकलास, त्यावरून मी काय समजायचं, गाडीत काही खाल्लंस की तसाच उपाशी गेलास. गणपती गेल्यावर तुझ्यासाठी म्हणून काकाने खाडीत जाऊन कुर्ल्या आणल्या आणि तू त्यांनाही दुखतं म्हणत ताट सरकवलंस. मी चिडले ती कुर्ल्यांसाठी नाही रे, तुझं हिमोग्लोबिन नऊवर आलंय म्हणून. पण जाऊदे, आज तुला बोलायचं नाही असं ठरवून बसलेय.

तू जेवताना जे सांगत होतास ते नंतर छोटीने मला मोबाईलवर वाचून दाखवलं. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ पासून शेवंड, म्हणजे लॉबस्टर, जिवंत उकळायला बंदी आहे, ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात कुर्ली, माकूल, ऑक्टोपस यांनाही जाणीव असते हे धरलं. ऑक्टोपसच्या मज्जापेशी पन्नास कोटींच्या आसपास, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त म्हणे हातांत. काका म्हणाला, मग आमचो दादा तसोच, आधी हात चालायचो मगे डोक्या.

पण मला पटलं ते त्या बेलफास्टच्या एलवूड नावाच्या शास्त्रज्ञाचं. रिकाम्या शंखात राहणाऱ्या कुर्लीला त्याने बारीक शॉक दिले, तर नावडत्या शंखातली पटकन बाहेर पडली, आवडता शंख मात्र सहज सोडवेना, शॉक खात बसली. म्हणजे दुखणं एका बाजूला आणि घर एका बाजूला, असं काहीतरी ती तोलतेच ना? नुसतं आपोआप होत असतं तर शंख कुठला का असेना, दोघी सारख्याच पळाल्या असत्या. आणि तू म्हणतोस इथलं घर विकून टाकूया. असो.

आता मी एक विचारते. आप्पांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, आठवतं? तू बारका होतास, उन्हात रडायला लागलेलास. आत्याने काय काय कबूल केलं, कलमांचं, म्हशीचं, काही उपयोग नाही. मग मी पुढे होऊन म्हटलं बाबूला शिकवीन, काही कमी पडू देणार नाही, आणि आला बघ. योगायोग म्हण. पण गेलेल्या माणसाचं मन कुठे अडकलंय ते कावळ्याला कळतं असं अख्खा गाव धरून चालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कावळ्याला वाळवणावरून दगड मारतो. तेव्हा जनावराला अक्कल असते हे तू पुण्याहून येऊन मला शिकवायला नको. अक्कल असते हे जाणूनच आम्ही मासे खातो, जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुक्यावर भागवतो. तुला नाही खायचं तर नको खाऊ, पण मग कडधान्यं खा, नाचणी खा, नुसत्या चहा-बिस्किटावर राहून कुठल्या कुर्लीचं भलं होणार आहे?

झालं, परत लेक्चर. सॉरी. चारचौघांत ताट बाजूला सारून बोललास ते हिंमतीचं होतं, आप्पांसारखंच. काकालाही आवडलंय, तो तुला सांगणार नाही.

कुळथाची पिठी, सोलं आणि नाचणीचं पीठ पाठवलंय. चक्कर येते का अजून? सोमवारी रक्त तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, छोटीला नको, ती लपवते.

आई