नाना पेठेतल्या सीटवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यामुळे तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, पण तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणाला म्हणून लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हालाच ते आवडायचं नाही. पण आभार मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाबांचं मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडीत बसणं म्हणजे त्यांना शिक्षाच झाली होती. पुढची डावी सीट पार बसलेली, कापड विरलेलं. धायरीहून डेक्कनला फिजिओथेरपीला जायचं म्हणजे सिंहगड रोडचं ट्रॅफिक, आणि बाबा प्रत्येक खड्ड्याला दात आवळून गप्प. गाडी दुकानात टाकून ठेवली की थेरपी बुडणार, म्हणून मी आणि धाकट्या भावाने ठरवलं की लेदरची कव्हरं आणायची आणि पार्किंगमध्ये सीट काढून आपणच चढवायची.

कव्हरं विकताना दुकानदार किती गोड बोलला! "ताई, प्युअर लेदर आहे, तुमच्या मॉडेलचंच आहे, कोणीही चढवेल." ११ हजार मोजून घेतले. आणि पाठीवर सगळ्या सुरकुत्या यायला लागल्या, हेडरेस्टची भोकं जुळेनात, तेव्हा फोनवर तोच माणूस म्हणतो, तुम्ही घरी लावायला घेतलंत ना, मग आमची जबाबदारी नाही. दुसरा एकजण घरी येऊन गेला, सीटकडे उभ्या उभ्या बघितलं, "इलॅस्टिक ओढून बांधून टाकतो" म्हणाला आणि नुसतं येण्याचे पैसे घेऊन गेला. बाबा वरून गॅलरीतून बघत होते. माझ्यामुळे पोरांना त्रास, एवढंच म्हणाले. त्या दोघांवरचा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तुमच्याकडे मी खरं तर फक्त कव्हर फोममधल्या तारेला अडकवणाऱ्या रिंगा दाबायची पक्कड मिळते का बघायला आले होते. तुम्ही रिक्षाची सीट शिवत होतात. मशीन थांबवलंत, माझ्या पिशवीतलं कव्हर काढून आधी उलटं केलंत आणि मागची विणलेली जाळी बोटाने दाखवलीत. खऱ्या कातड्याची मागची बाजू लवदार, तंतू तंतू असते, हे कापडावर चढवलेलं पीयू, म्हणजे नकली लेदर आहे. पण लगेच हेही म्हणालात की माल टिकाऊ आहे, फसवलं ते बोलण्यात, वापरायला हरकत नाही. तोवर सगळ्यांनी मला गाडीचं मॉडेल विचारलं होतं, साल विचारलं होतं, रंग विचारला होता. तुम्ही विचारलंत, "यावर बसणार कोण?"

काका, त्या प्रश्नाला मी तिथेच रडले असते.

रविवारी तुम्ही आमच्या पार्किंगमध्ये आलात. सगळ्यात आधी सीटच्या पाठीला, दाराकडच्या कडेला शिवलेली एअरबॅगची छोटी चिठ्ठी दाखवलीत, जी आम्ही रोज बघून न बघितल्यासारखी करत होतो. त्या बाजूला कव्हर बंद असेल तर एअरबॅग बाहेर येणार कशी? भाऊ म्हणाला तेवढी शिवण उसवू आणि परत घालू. तुम्ही साफ नाही म्हणालात. ती शिवण कंपनी वेगळ्या दोऱ्याने घालते, एअरबॅग फुगली की तिथूनच फाटली पाहिजे, पापणी लवायच्या आत, माझ्या मशीनवरच्या दोऱ्याचा तसा भरवसा मी देणार नाही. कुणी नसतं सांगितलं हो हे. त्या दुकानदाराशी तुम्ही स्वतः फोनवर बोललात आणि पुढच्या दोन सीटची कव्हरं त्याला एअरबॅगवाली बदलून द्यायला लावलीत. आमच्याशी हुज्जत घालणारा तोच माणूस तुमच्यापुढे दोन मिनिटांत सरळ झाला.

बाकी कामाचं सगळं सांगत बसत नाही. कव्हरं आधी गच्चीवर उन्हात टाकायला लावलीत, नरम झाली आणि हाताखाली ताणली गेली. फोमच्या खाचेतल्या तारेला रिंगा बसल्या तेव्हा कळलं की इलॅस्टिकने ते कधीच बसलं नसतं, गादीवरच्या सैल चादरीसारखं सरकत राहिलं असतं.

पण मला सांगायचंय ते त्या विटांचं. बैठकीचं कव्हर अर्धं चढलं होतं, शेवटच्या रिंगा राहिल्या होत्या. तुम्ही काम थांबवलंत. सोसायटीच्या भिंतीकडे पडलेल्या विटा आणून सीट त्यांवर ठेवलीत, हलत नाही ना बघितलंत, आणि भावाला म्हणालात, वडिलांना खाली आण, गाडीएवढी उंची झालीये. बाबा आले. तुम्ही त्यांना बसवलंत, गाडीतून उतरता तसं उतरा म्हणालात, परत बसवलंत. ते डाव्या कडेवरून घसरत उतरतात म्हणून तिथलाच फोम चेपलाय, हे तुम्ही उतरताना बघून ओळखलंत. मग मांडीखाली तळहात घालून किती दबतंय ते पाहिलंत, कडक फोमची पट्टी कापलीत, चिकटवलीत, परत बसवलंत. मग अजून एक पातळ पट्टी. सीटच्या पाठीच्या फोमला हात लावला नाहीत, तिथे एअरबॅग आहे म्हणून. घाई नाही, "चालतंय की आता" नाही. बाबा म्हणाले, आता टेकल्यासारखं वाटतंय. तेव्हा कुठे तुम्ही शेवटच्या रिंगा घातल्यात.

डॉक्टरांनी बाबांची पाठ बघितली, रिपोर्ट बघितले. बाबा उतरतात कसे हे बघणारे तुम्ही पहिले. आपल्याकडे चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठी देणगी, मोठा त्याग आठवतो. मला वाटतं समोरच्याकडे नीट बघणं हाच निम्मा चांगुलपणा आहे आणि त्यासाठी पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, वेळसुद्धा फार लागत नाही. ज्यांच्याकडे एसी शोरूम आहे त्यांना हे जमलं नाही आणि रस्त्याकडेला पत्र्याखाली बसणाऱ्या माणसाला जमलं, हे मी ज्याला त्याला सांगत सुटलेय.

बाबा आता डेक्कनपर्यंत बोलत जातात. परवा दांडेकर पुलाशी अडकलो होतो तर रस्त्यावरच्या कामावरून महापालिकेला चांगलं सुनावत होते, किती बरं वाटलं सांगू!

मागची सीट अजून राहिलीये. दिवाळीनंतर करू म्हणालात, तर भाऊबीज झाली की कधीही सांगा, कव्हरं आदल्या दिवशीच गच्चीवर टाकून ठेवते. आणि या वेळी फोमचे पैसे घ्यायचे, मागच्या खेपेला नुसती मजुरी घेऊन गेलात ते आईला अजून पटलेलं नाही. जेवायला थांबायचं आहे, तिने तुमच्या नातवालाही बोलावलंय.

तुमची,
धायरीची ताई