जोते हलवायचे, पण न्यायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुराच्या पट्ट्यात जे लोक पुन्हा पुन्हा घरे बांधतात त्यांना सरकारने दरवेळी भरपाई का द्यावी, असा प्रश्न एका वाचकाने आपल्या दैनिकात विचारला आहे. प्रश्न वावगा नाही. ज्यांच्याबद्दल तो विचारला त्यांतलाच मी एक आहे, म्हणून हे पत्र.

आमचे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीच्या काठी. २३ जुलै २०२१ ला पहाटे गोठ्यातली गुरे हंबरायला लागली म्हणून उठलो, तर अंगणात घोटाभर पाणी. आमच्याकडे त्या रात्री फार पाऊस होता असेही नाही, पण कणकुंबी-खानापूरच्या डोंगरांत कोसळला की तो आमच्याच दारावरून जातो. उजाडेपर्यंत घरात छातीएवढे पाणी झाले. ओसरले तेव्हा भिंती जागेवर होत्या, आम्ही देवाला हात जोडले. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले आणि जेवणखोलीची मातीची भिंत आतल्या आत बसली, मागोमाग दुसरी. पिंपातल्या भाताला मोड आले होते. त्याचा आंबूस वास कितीतरी दिवस घरातून जाईना.

मुख्यमंत्र्यांनी तेव्हा हा १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले होते. राज्यभरात हजारभर घरांचे नुकसान झाल्याचा आकडाही तेव्हाचाच. १९८२ चे पाणी वडिलांनी देवखोलीच्या चौकटीवर खिळ्याने रेघ मारून ठेवले होते. २०२१ चे पाणी तिच्यावर चार बोटे चढले. ती फणसाची चौकट वाचली, नव्या घरातही तीच बसवली. फक्त जोते दीड हात उंच घेतल्यामुळे रेघ आता खोटे बोलते.

म्हणजे मी त्याच जागेवर बांधले. का? एक कारण चवथीचे. त्या वर्षी चवथ १० सप्टेंबरला होती, हातात जेमतेम सात आठवडे. गणपती बसतो मूळ घरात, वास्को-मुंबईकडचे भाऊ येतात ते मूळ घरात. देवखोली उभी राहिली नाही तर गणपती कुठे बसवायचा, याची चिंता घरात सगळ्यांना भिंतींपेक्षा जास्त होती. गोव्याबाहेरच्या माणसाला हे कारण पोरकट वाटेल.

दुसरे कारण मात्र कोणालाही पटावे. जोते हलवायचे तर न्यायचे कुठे? १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराच्या घराला संरक्षण दिले, ते मोठेच काम झाले. पण ते संरक्षण त्या घराला आणि त्याच्याभोवतीच्या तेवढ्याच जागेला. मुंडकार उद्या शहाणा होऊन टेकाडावर गेला तर तिथे तो कोणीच नाही. सत्तरीत गुंता याहून मोठा आहे. मोकासो (जुन्या इनामाच्या), आल्वारा (पोर्तुगीज काळात परवान्याने दिलेल्या), सरकारी अशा नाना तऱ्हांच्या जमिनी, आणि तीन-तीन पिढ्या काजू राखणाऱ्याचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नाही. घर क्रमांक, घरपट्टीची पावती आणि वीजबिल हीच आमची मालकी. ती या जोत्याला चिकटलेली आहे. जोते सोडले की तीही गेली.

वाड्याच्या वर चढायचे म्हटले तर वर रान. बहुतेक भाग वनखात्याचा किंवा १९९९ मध्ये जाहीर झालेल्या म्हादई अभयारण्याचा. शिवाय वर म्हणजे सुरक्षित, हेही खरे नाही. आमच्या पुराच्या आदल्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर वाडीवर आला. २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात काही तासांत २७१ मिलिमीटर पाऊस झाला, तळपण आणि गालजीबाग नद्या फुगल्या, आणि वरच्या बाजूला डोंगरही सुटले.

तरीही माझे मत असे की मी चूक केली. माझे दीड हात उंच जोते मातीच्या भरावावर आहे. तेव्हापासून पाणी आधी शेजारच्या काकीच्या अंगणात शिरते. "तू वर चढलास आणि पाणी माझ्याकडे लावून दिलेस," हे तिने तोंडावर सांगितले, आणि त्यावर मला उत्तर नाही. निदान खांबांवर बांधले असते तर खालून पाणी गेले असते. तेव्हा हे सांगणारे कोणी नव्हते. पंचनामा झाला, पैसे आले, कुठे आणि कसे बांधणार हे कोणी विचारले नाही.

साखळी शहराचे उदाहरण नेहमी दिले जाते. साखळीकर उठून गेले नाहीत. वाळवंटी नदीला भिंती बांधल्या, पंप बसवले, नदी चढली की बाजारातले पाणी उपसून नदीत टाकतात. बाजारपेठेसाठी ते ठीक आहे. अकरा घरांच्या वाड्यासाठी कोणी भिंत घालणार नाही, आणि घालूही नये, कारण मग समोरच्या काठावरचे लोक बुडतील. साळ गावाचा प्रश्न आणखी वेगळा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे तिळारी धरणातून सोडलेले पाणी शिरले. तिथल्या माणसाला 'सखल भागात का राहता' असे विचारणे म्हणजे उलट्या बोंबा.

आता दुसऱ्या प्रकारच्या लोकांविषयी, ज्यांच्यावर त्या वाचकाने खरे तर रागवायला हवे होते. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन, आहे. आपल्या पूर्वजांनी चिखलाचे बांध घालून, मानशी (बांधातली पाण्याची दारे) बसवून ते खाडीकडून मिळवले. भरतीला मानशीची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पण त्या जमिनीत त्यांनी भात लावले, मासे धरले, घरे बांधली ती कडेला, उतारावर. शेत दोन दिवस बुडाले तर चालेल, चूल बुडता कामा नये, एवढा साधा हिशेब. आज पणजी, म्हापसा, मडगावच्या आसपास फिरून पाहा. रात्री ट्रक येतात, शेत बुजते, पुढच्या वर्षी कुंपण, नंतर रो-हाऊसची जाहिरात. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनांना खास संरक्षण आहे. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करायच्या नावाखाली शेतजमीन बांधकामाला मोकळी करणारे जे नियम केले होते ते उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. भराव टाकणाऱ्याला जागा निवडता येत होती, तरी त्याने हीच निवडली. त्याच्या तळमजल्यात पाणी आले तर मला फारसे वाईट वाटणार नाही. वाईट वाटते ते त्याने बुजवलेल्या शेताचे पाणी ज्यांच्या घरात जाते त्यांचे. आणि पणजीत अठरा जून रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते तेव्हा पणजी हलवा म्हणून कोणी पत्र लिहीत नाही, हे जाता जाता.

माणसे हलवता येतच नाहीत असेही नाही. साळावली धरणासाठी कुर्डी गाव उठवून वाडे आणि वाळकिणी या ठिकाणी नेला. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की कुर्डीकर अजून सोमेश्वराच्या उत्सवाला त्या जागी जमतात. दूर नेलेल्या माणसाचे मन कुठे राहते ते तिथे दिसते. म्हणून हलवायचे तर गावातल्या गावात, हाकेच्या अंतरावर.

मागणी फार मोठी नाही. पुरात घर पडलेल्याला नुसती रक्कम न देता विचारा, त्याच गावात उंचावर जागा दिली तर जाशील का? जो हो म्हणेल त्याचा मुंडकार हक्क किंवा घर क्रमांक त्या जागेवर न्या, उताऱ्यावर त्याचे नाव लावा, आणि जुनी जागा कुळागराला (माड-पोफळीच्या बागेला) त्याच्याकडेच राहू द्या. माडाला-पोफळीला दोन दिवसांच्या पाण्याने काही होत नाही. जो नाही म्हणेल त्याला खांबांवर बांधायला लावा. आणि शेत बुजवून बांधलेल्या नव्या घरांना भरपाई नको.

आमच्या वाड्यामागे काजूचा एक सौम्य उतार आहे, सरकारी, रानात न मोडणारा. डोंगराच्या तोंडाखालीही नाही. अकरा घरे आरामात मावतील. काकी म्हणते, आधी तिचे नाव यादीत घाला. मी दोनदा अर्ज केला आहे, पोच माझ्याकडे आहे. तोवर भाताची पिंपे यंदाही जूनमध्येच माळ्यावर चढवली.

आपला,
एक वाचक, सत्तरी