दुपदरी भिंतीचा हिशेब आधी मागा

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात इमारतींच्या ध्वनिरोधनाचं काम करतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आणि वसतिगृहं असोत की कर्वे रस्त्यावरचे दवाखाने, खोल्या पाडायच्या म्हटलं की जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची) चौकट, दोन्ही बाजूंना 12.5 मिमीचा जिप्सम बोर्ड आणि मध्ये पोकळी, हीच भिंत उभी राहते. ‘डबल आहे, आवाज येणार नाही,’ असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. हे अर्धवट आहे.

दोन बोर्डांमधली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. एका ठरावीक कंपनसंख्येला दोन्ही पदर त्या हवेवर झुलू लागतात आणि तिथे ही भिंत तेवढ्याच वजनाच्या एकपदरी भिंतीपेक्षाही कमी आवाज अडवते. बोर्डाचं वजन चौरस मीटरला 9 किलो आणि पोकळी 50 मिमी धरली, तर ही कंपनसंख्या 125 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 125 कंपनांच्या, आसपास येते. पुरुषाच्या बोलण्यातला खर्ज नेमका तिथेच असतो, ढोलाची घुमही त्याच पट्ट्यात. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोर्ड आणि 100 मिमी पोकळी घेतली, की ती 63 हर्ट्झवर, म्हणजे बोलण्याच्या पट्ट्याखाली, उतरते. पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरलं तर आणखी फायदा. हा हिशेब बांधण्याआधी कागदावर होतो, त्याला फार वेळही लागत नाही.

कागदावरचा आकडा जागेवर मात्र घसरतो. दोन्ही पदर एकाच स्टडला (चौकटीच्या उभ्या पट्टीला) ठोकले, की आवाज त्या पत्र्यातून आरपार जातो. पाठीला पाठ लावून बसवलेले स्विचबोर्ड म्हणजे भिंतीला भोकंच. एका दवाखान्यात मी पाहिलं, पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच संपलं होतं आणि वर स्लॅबपर्यंत सगळं मोकळं. समुपदेशक आत काय विचारतेय, बाहेर बाकावर बसलेल्यांना शब्दन् शब्द कळत होता. आत एक तरुण मुलगी बोलत होती. मला तिथे उभं राहवेना.

राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये भाग 8, विभाग 4 हा ध्वनिरोधनासाठीच आहे. पण संहिता शिफारशीच्या स्वरूपाची असल्यामुळे नकाशा मंजूर करताना त्याबद्दल कुणी विचारत नाही.

माझी मागणी अशी. रुग्णालयं, समुपदेशन केंद्रं, वसतिगृहं आणि अभ्यासिका यांच्या दुपदरी भिंतींचा कंपनसंख्यानिहाय हिशेब यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, सक्तीचा करा. एकच सरासरी आकडा चालवून घेऊ नका. भिंतीच्या ध्वनिरोधनाचं नेहमीचं मूल्यांकन 100 हर्ट्झपासून सुरू होतं, त्यामुळे त्याखालची कमजोरी त्यात दिसतच नाही. 50 हर्ट्झपासूनचे आकडे मागा. आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी किमान एका खोलीत जागेवर मोजणी होऊ द्या. अंतर्गत फेरबदल करताना नवीन पार्टिशन घातलं, तरी हाच नियम लागू असावा, कारण यातल्या बहुतेक भिंती भोगवटा मिळाल्यानंतरच उभ्या राहतात.

आपला,
पुण्यातील एक ध्वनिरोधन अभियंता