यकृताच्या रुग्णाला मनाविषयीही विचारा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुनाट यकृतविकाराचा रुग्ण दवाखान्यात गेला की त्याची कावीळ, पोटातले पाणी, पायांवरची सूज हे सारे बारकाईने पाहिले जाते. जगण्यात रस उरला आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या थोरल्या भावाला लिव्हर सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार, आहे आणि त्याच्यासोबत रांगेत बसताना ही उणीव मला सतत जाणवते.

या आजारात नैराश्य आणि चिंता सर्रास आढळतात. न सरणारा थकवा, अंगाची खाज, पुन्हा पुन्हा पोटातले पाणी काढणे, रक्ताची उलटी होईल ही धास्ती आणि खर्चासाठी काढलेले कर्ज यांनी माणूस खचतो. त्यात आपल्याकडे लिव्हर बिघडले म्हणजे हा दारूच पीत असणार, असे गाव परस्पर ठरवून टाकते. हिपॅटायटिस बी व सी किंवा मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारे फॅटी लिव्हर यांनीही सिरॉसिस होतो. आणि दारूमुळे झालेला असला, तरी त्या रुग्णाला हिणवण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

घरच्यांनी एक गोष्ट आवर्जून जाणून घ्यावी. दिवसा झोप, रात्री जाग, सुस्ती आणि विसराळूपणा ही लक्षणे नैराश्याची असू शकतात, तशीच यकृताने न गाळलेली अमोनियासारखी द्रव्ये मेंदूवर परिणाम करू लागल्याचीही असू शकतात. अशा वेळी मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी रुग्णाला बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते. नैराश्यावरील औषधांचीही निवड आणि मात्रा यकृताकडे पाहूनच ठरवावी लागते. समुपदेशनाला मात्र अशी काही आडकाठी नाही.

हिपॅटायटिस बी व सीची तपासणी आणि औषधे २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. पण दोन्हींची गाठ रुग्णापाशी पडत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरी जाऊन जशी मनाची विचारपूस करतात, तशी या रुग्णांचीही व्हावी. छत्रपती संभाजीनगर (घाटी), लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय रुग्णालयांत यकृताच्या तपासणीच्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ भेटावेत, कारण हिंगोली-परभणीच्या खेड्यातून एसटीने आलेला माणूस त्यासाठी वेगळी खेप करू शकत नाही. तोवर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक यकृतरुग्णांच्या केसपेपरवर छापणे आरोग्य विभागाला सहज शक्य आहे.

आपला,
एक वाचक, केज (जि. बीड)