बेंचवर माझ्याशेजारी बसलेल्या मॅडमना

मॅडम नमस्कार,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही माहीत नाही, रोज एवढी माणसं येतात तुमच्या लॅबवर. सुनेबरोबर आलेली, बाहेर बेंचवर मोबाईल हातात धरून डोळे पुसत बसलेली ती बाई मी. तुम्ही लॅबमधून चहाचा कप घेऊन बाहेर आलात आणि "काकू काय झालं" म्हणून विचारलंत. न विचारता पुढे गेला असतात तरी चाललं असतं, बाकी सगळे गेलेच की.

झालं असं होतं की मुलाचा रिपोर्ट आला, शुक्रजंतूंचा काउंट कमी, आणि त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकलं की गरोदरपणात आईने टेन्शन घेतलं तर मुलाला पुढे मूल व्हायला अडचण येते. टाकणाऱ्याला आमच्या घरचं काहीच माहीत नव्हतं पण मला वाटलं हे माझ्याच नावाने आलंय. कारण तो पोटात असताना तिसरा महिना लागला आणि माझे वडील गेले, पंधरा दिवसांत ह्यांची नोकरी गेली, आणि भाडं झेपेना म्हणून घर बदललं, सगळं चौथा महिना संपायच्या आत. मी रात्र रात्र रडायचे आणि सासूबाई म्हणायच्या रडू नकोस गं, पोराच्या अंगाला लागेल. ते वाक्य एवढ्या वर्षांनी परत कानात वाजायला लागलं. महिनाभर कुणाशी बोलले नाही, मुलाशी तर नाहीच नाही.

तुम्ही शेजारी बसलात आणि पहिलंच बोललात की "तुमच्या मुलाच्या रिपोर्टबद्दल मी एक शब्द बोलणार नाही काकू, तो त्याचा विषय आहे, पण हे फॉरवर्ड ज्या अभ्यासावरून आलंय तो मला माहितीय, त्याबद्दल बोलू." खरं सांगते, तेव्हा राग आला होता, मी आई आहे ना त्याची! घरी जाताना कळलं की माझ्या मुलाची लाज तुम्ही माझ्यापासूनसुद्धा राखलीत.

आणि दुसरं म्हणजे तुम्ही "काही नसतं हो असं" म्हणाला नाहीत. ते मला बाकीचे म्हणालेच असते. तुम्ही म्हणालात अभ्यास खरा आहे, पण त्या फॉरवर्डमध्ये त्याचं पार भजं केलंय. मग सांगितलंत, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८९ पासून जवळजवळ २९०० गरोदर बायकांची नोंद केली, त्यांना १८ व्या आठवड्यात आणि ३४ व्या आठवड्यात विचारलं की तोवरच्या काळात आयुष्यात काय काय घडलं, आणि त्यांची मुलं २० वर्षांची झाल्यावर त्यातल्या ६४३ मुलग्यांना तपासलं. २०१९ ला ते छापून आलं. ज्यांच्या आयांवर पहिल्या १८ आठवड्यांत तीन किंवा जास्त आघात झाले होते त्यांच्यात, एकही आघात नसलेल्यांपेक्षा शुक्रजंतूंची संख्या सरासरी ३६ टक्के कमी, हालचाल १२ टक्के कमी, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषांचं हार्मोन ११ टक्के कमी. नंतरच्या महिन्यांत घडलेल्याचा तसा परिणाम दिसला नाही. मी बोटं मोजली, वडील, नोकरी, घर, बरोब्बर तीन. तुम्ही माझी बोटं बघितलीत.

मग तुम्ही मोबाईलवर ती यादी काढून मलाच मोठ्याने वाचायला लावलीत. जवळच्या माणसाचा मृत्यू, नवऱ्याशी बेबनाव, मुलांचे प्रॉब्लेम, नोकरी जाणं, पैशाची तंगी, घर बदलणं. आणि म्हणालात, "यातलं तुम्ही काय केलंत?" मला उत्तरच येईना. म्हणजे मृत्यू मी आणला नव्हता, नोकरी मी घालवली नव्हती. त्यात रडलात का, किती रडलात, टेन्शन घेतलंत का असा रकानाच नव्हता हो, बाईवर काय आलं तेवढंच मोजलं होतं. आणि फॉरवर्डमध्ये त्याचं झालं "आईने टेन्शन घेतलं". घेतलं म्हणे, जसं काही दुकानात जाऊन आणलं.

त्या ६४३ पैकी ४०७ जणांच्या आयांवर पहिल्या १८ आठवड्यांत किमान एक तरी आघात आला होता, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला पहिल्यांदा जरा श्वास आला. एवढ्या बायका. आणि त्या संशोधकांनीच लिहिलंय की नुसत्या ह्या एका कारणाने पुरुषाला वंध्यत्व येणं अवघड, पुढच्या आयुष्यातली बाकीची कारणं जोडली गेली तर भर पडू शकते. एवढं साधं वाक्य फॉरवर्ड करायला काय जातं लोकांचं?

मी विचारलं मग शरीरात होतं तरी काय. तुमचा चहा गार झाला तरी तुम्ही सांगत बसलात की साधारण ८ ते १४ आठवड्यांत मुलाच्या गर्भाचे वृषण स्वतः टेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात आणि पुढचं बरंच काही त्या हार्मोनवर ठरतं, शुक्रजंतूंना पोसणाऱ्या ज्या पेशी असतात त्या पोटात असताना वाढायला लागतात आणि मोठेपणी किती शुक्रजंतू तयार होणार ते बरंचसं त्यांच्या संख्येवर असतं. आईचं कोर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, वाढलं तर त्यात ढवळाढवळ होत असावी असा अंदाज, पण वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, एक एन्झाइम असतं ते आईचं बहुतेक कोर्टिसॉल निकामी करून टाकतं, बाळापर्यंत थोडंच जातं. म्हणजे माझं शरीर त्या दिवसांतही बाळाला आडोसा करून उभं होतं, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. उंदरांवर असे प्रयोग १९७२ पासून आहेत, पण उंदराच्या मादीला मुद्दाम ताण देता येतो, बाईला नाही देता येत, म्हणून माणसांत फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि ते मुलींचं! मुलगी पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात, पाचव्या महिन्यात साठ-सत्तर लाख आणि जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख उरतात, म्हणजे ज्या बीजापासून माझा मुलगा झाला ते माझ्या आईच्या पोटात असतानाच बनलं होतं. "मग आता आजीला पण धरायचं का काकू?" म्हणालात, आणि मी रडता रडता हसले, समोरची बाई बघायला लागली.

शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, मध्ये नुसता ताप येऊन गेला तरी आकडे खाली येतात, म्हणून डॉक्टर एका रिपोर्टवर थांबत नाहीत, हे तुम्ही कुणाचंही नाव न घेता सांगितलंत. मी घरी जाऊन मुलाला त्या फॉरवर्डबद्दल सगळं सांगितलं. तो म्हणाला, अगं मला वाटत होतं माझ्यामुळे तू गप्प झालीस. दोघंही महिनाभर एकमेकांना सांभाळत बसलो होतो, वेड्यासारखे. पुढची तपासणी तो करेल, मी विचारत नाही.

माझ्या भाचीला आता तिसरा महिना लागलाय आणि तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय. तेच फॉरवर्ड तिलाही आलं, तिचा रात्री अकराला फोन. मी तिला ती यादी वाचायला लावली, तुमच्यासारखीच, आणि दुसऱ्या दिवशी हप्ते पुढे ढकलून मिळतात का ते विचारायला तिच्याबरोबर बँकेत गेले. मिळाले तीन महिने.

तुमच्या गार झालेल्या चहाबद्दल सॉरी म्हणायचं राहिलं होतं.

तुमची,
बेंचवरची काकू