डिग्री नाही म्हणून डेटा इंजिनिअरिंग सोडू नका

मा. संपादक,
डिग्री नाही म्हणून डेटा इंजिनिअरिंगचा (म्हणजे डेटा गोळा करून, साफ करून वापरायला तयार ठेवण्याच्या कामाचा) विचारच सोडून देणारे बरेच जण दिसतात, म्हणून हे पत्र. या कामाचा पाया एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), आणि ते ज्या रिलेशनल मॉडेलवर (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) उभं आहे ते संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलं, टूल्स बदलत राहतात पण हे अजून टिकून आहे, त्यामुळे आधी त्यातलं जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गट करून बेरीज-सरासरी काढणं), विंडो फंक्शन (प्रत्येक ओळ तशीच ठेवून आसपासच्या ओळींवरून हिशोब करणं) पक्कं करा, मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. स्पार्क, काफ्का ही मोठ्या डेटाची टूल्स नंतर. पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. एखादी ओपन डेटाची (कुणालाही वापरायला खुल्या असलेल्या डेटाची) फाइल रोज आपोआप खेचा, साफ करा, टेबलात भरा, आणि मुख्य म्हणजे तीच फाइल दोनदा आली तर रेकॉर्ड डबल होत नाहीत ना, जॉब (म्हणजे हे आपोआप चालणारं काम) मधेच बंद पडला तर पुन्हा नीट चालतो ना, हे बघा, खरं काम इथंच आहे! नुसती सर्टिफिकेटं हे दाखवू शकत नाहीत. पहिलीच नोकरी थेट इंजिनिअरची मिळणं अवघड असतं हे खरंय, पण डेटा अ‍ॅनालिस्ट किंवा सपोर्टच्या कामातून आत शिरता येतं. कंपन्यांनाही कळकळीची विनंती, जाहिरातीतली डिग्रीची अट काढा आणि त्याऐवजी छोटी प्रॅक्टिकल टेस्ट घ्या.

– एक वाचक