बाबांचा एमआरआय शनिवारी आहे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला, म्हणून शेवटी लिहितेय. आई, तूच मोठ्याने वाच, बाबांना चष्मा शोधायला लावू नकोस. आणि आधीच सांगते, मी बरी आहे, दोन्ही वेळ जेवतेय, आत्तासुद्धा समोर वरणभात आहे.

श्रावणात माझी जीभ भाजली म्हणाले होते ना, ती भाजली नव्हती, चावली गेली होती. ऑफिसच्या कँटीनमध्ये उजवा हात आपोआप उडायला लागला, बोलायला गेले तर शब्दच येईना, पुढचं मला आठवत नाही. फिट होती. चार महिने लपवलं, चुकलंच माझं, पण आई तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालेलं, डोळ्याला ताण नको, रडायचं नाही असं तुला बजावलेलं, तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होते.

घराजवळच्या सेंटरवर साधा एमआरआय केला, त्यात डाव्या बाजूला एक ठिपका दिसला आणि रिपोर्टवर प्रश्नचिन्ह. न्यूरोच्या डॉक्टर म्हणाल्या एवढ्यावर काही ठरवायचं नाही, ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर एसडब्ल्यूआय घालून परत करा. ते एसडब्ल्यूआय काय असतं ते बाबांसाठी लिहिते, नाहीतर ते रात्रभर यूट्यूब बघत बसतील. मला जे आहे त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात, बारीक रक्तवाहिन्यांचा तुतीच्या फळासारखा घोस. त्यातून कधीमधी थेंबभर रक्त झिरपतं, रक्त विरून जातं पण त्यातलं लोखंड मागे राहतं, आपल्या मोरीत गळक्या नळाखाली तो तांबडा डाग राहायचा ना तसं. लोखंड असलं की आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र इतकुसं बिघडतं आणि एसडब्ल्यूआय नेमका तोच बिघाड पकडतो, तिथे काळा ठिपका उमटतो. साध्या एमआरआयमध्ये एक दिसला होता, यात नऊ. सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचे फोटो, तर अगदी क्लीन आलेली, कारण या घोसात रक्त इतकं हळू फिरतं की अँजिओत ते दिसतच नाही. दुसरी एक भानगड असते, एव्हीएम, त्यात धमनीतलं रक्त मधे कुठे न थांबता थेट शिरेत धबाधबा शिरतं, ती नाही ना हे बघायला टाइम ऑफ फ्लाइट आणि एएसएल असे दोन स्कॅन केले, दोन्ही इंजेक्शनशिवाय. ती नाहीये. त्या दिवशी मी एकटीने जाऊन मसाला डोसा खाल्ला.

सगळ्यात मजेशीर होता फंक्शनल एमआरआय. आत झोपवून सांगतात अंगठ्याला एकेक बोट लावा, मग सांगतात एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द मनातल्या मनात म्हणा, आणि मेंदूच्या कुठल्या भागात ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतंय त्यावरून हाताची जागा कुठली, बोलण्याची कुठली ते कळतं. मी 'क' घेतला. कढी, कळशी, कृष्णा, कंदील, काकूचं कुंकू... बाबा, लाईट गेल्यावर गच्चीवर आपण हेच खेळायचो आणि तुम्ही मुद्दाम हरायचात, मला सातवीपर्यंत कळलं नव्हतं. आत रडू आलं, पण डोकं हलवायचं नसतं, मग तसंच येऊ दिलं.

त्याच फोटोंवरून ठरवलंय की ऑपरेशन करायचं नाही. मोठा ठिपका बोलण्याच्या जागेला खेटून आहे, मज्जातंतूंचे रंगीत नकाशे काढतात त्यातही बोलण्याचा रस्ता त्याच्या शेजारूनच जातोय. गोळ्यांनी फिट थांबलीये, बाकीचे आठ गप्प आहेत, गप्प असलेल्यांना कुणी हात लावत नाही. सेकंड ओपिनियन घेतलं, तेही हेच म्हणाले. मी घाबरून नाही म्हणाले असं समजू नका, तीन वह्या भरल्यात प्रश्नांनी. स्कूटर विकली, बसने जाते, गोळीचा अलार्म दोन वेळा वाजतो, रूममेटला सगळं माहितीये, दर वर्षी एमआरआय आहेच.

आता खरा मुद्दा. एकच कॅव्हर्नोमा असतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या शेजारी एक वेगळ्या वळणाची शीर सापडते. माझ्यात ती कुठेच नाही आणि ठिपके नऊ. हे बघून डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला फिट्स? मला विट्याची आजी आठवली, बाबांची आई. सगळे तिला कांदा हुंगवायचे ते. मग रक्त तपासलं, केआरआयटी-१ नावाच्या जनुकात बदल निघाला. हा आई किंवा वडील, कुणाहीकडून येऊ शकतो, आणि ज्याला असतो त्याच्या प्रत्येक मुलाकडे जायची शक्यता निम्मी.

बाबा, इथे थांबू नका, पुढे वाचा. तुमच्याकडून आलं असेल तर हे नाकही तुमच्याकडूनच आलंय आणि गणितही, मी त्याची कधी तक्रार केली का? आणि आजीला जे म्हणायचे, बाहेरचं लागलंय, ते तसलं काही नव्हतं हे एकदा कळू दे. दोन वर्षांमागे तुमचा हात बधीर झाला होता, तुम्ही उशीवर दाबला गेला म्हणालात, मी तेव्हा मान्य केलं, आता करत नाही.

म्हणून न विचारता शनिवारची पुण्याची अपॉइंटमेंट घेतलीये, पैसे भरलेत, परत मिळत नाहीत. ठिपके निघाले तरी लगेच काही करायचं नसतं, कितीतरी लोकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण उद्या अचानक काही झालं तर घाईघाईत औषध देणाऱ्या डॉक्टरांना आधीच माहीत असलेलं बरं. दादाशी बोललेय, तोही करून घेणार आहे, पिल्लूचं मात्र एवढ्यात नाही.

तुम्हाला इंजेक्शन नाही. अर्धा-पाऊण तास, डोकं आणि छातीपर्यंतचं अंग आत, हातात रबरी फुगा देतात, दाबला की थांबवतात. आवाज आपल्या मळ्यातल्या ऑइल इंजिनासारखा, कानात बोळे घालतात. डोळे आधीच मिटा, लिफ्टचं आठवायचं नाही. २०१९ च्या स्टेंटचं कार्ड पिवळ्या फाईलमध्ये आहे, ते घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. स्टेंट असला तरी एमआरआय होतो, मी विचारलंय, पण त्यांना कार्ड बघायचं असतं. करगोट्याची किल्ली काढा, कवळी काढा, चुन्याची डबी काढा (आईला माहितीये, नाटक करू नका). चुंबक चोवीस तास चालू असतो, तो कुणाची वाट बघत नाही. आई, तू आत जायचा हट्ट करणार असशील तर साडीला एकही पिन नको. उपाशी जायचं नाही, बीपीची गोळी घेऊन जायची. आणि माझं पत्र वाचून अ‍ॅस्पिरिन बंद करायची नाही, या गोळीने असल्या ठिपक्यांतलं रक्त वाढतं असं आजवरच्या अभ्यासात दिसलेलं नाही, आणि स्टेंटला ती लागतेच.

मला तुमच्यासमोर कधी फिट आली तर कांदा नाही, तोंडात चमचा नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं.

मी शुक्रवारी रात्रीच दादाकडे पोचतेय. तुम्ही सकाळच्या गाडीने या, खिडकी बाबांना. स्वारगेटला मी उभी असेन, पिशवी उचलायची नाही. भडंग आणा, लसूण जास्तीचा.

तुमची,
चिमी